तेच देईन

त्या मुलखात उन्हाळ्यात पाणी एकाच ठिकाणी उरत असे, आणि ते प्यायला दोन तोंडं लागत. एक पिणाऱ्याचं, दुसरं त्याच्यासाठी बोलणाऱ्याचं.

पळस फुलून गेला की नदी आटायला लागे. आधी वरच्या अंगाचे झरे थांबत, मग पात्रातल्या डबक्यांचा चिखल होई, आणि शेवटी काळ्या कातळाखालचा एक डोह तेवढा राही. तो डोह थोरलीचा होता. थोरली ही मगर. तिचा बांध होता म्हणून पाणी अडत होतं आणि पाणी अडत होतं म्हणून मुलूख जगत होता, त्यामुळे तिच्या मालकीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण नुसत्या मातीचा बांध पाझरतो. त्यात टणक काहीतरी ठासावं लागतं. म्हणून पाणी पिणाऱ्याने पुढच्या हंगामात आपल्या अंगावरचं टणक काही बांधासाठी द्यायचं, असा रिवाज होता. सांबरांनी शिंगं द्यावीत, रानडुकरांनी सुळे, साळिंदरांनी काटे. ज्यांच्या अंगावर टणक काही नसे ते दगड वाहत.

प्यायचं आज आणि द्यायचं उद्या. मधल्या काळात थोरलीच्या हाती असे तो फक्त शब्द. म्हणून शब्द घेण्याची रीत कडक होती. वर्षातल्या ज्या दिवशी भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, त्या दिवशी सगळे डोहावर जमत. थोरली विचारी, "देशील?" समोरच्याने म्हणायचं, "देईन." बघतो, करतो, मनात आहे, यातलं काही चालत नसे. नुसती मान हलवणंही चालत नसे. ज्या शब्दात प्रश्न, त्याच शब्दात उत्तर. मग थोरली जमावाकडे वळून विचारी, याच्यासाठी कोण बोलतं? कुणीतरी पुढे येई. त्याला जामीन म्हणत. त्याने म्हणायचं, "तेच मी माझ्या शब्दावर देईन." टिटवी उंच ओरडून दोघांची नावं सांगे, आणि पिणारा पाण्यात तोंड घाली.

कवडू हा खवल्या मांजर. ऐनाच्या झाडाच्या मुळाशी त्याचं बीळ होतं. बायको गोजा, आणि तिच्या शेपटीला चिकटून फिरणारी तानू, एवढाच त्याचा संसार. स्वभाव भिडस्त. चार जणांत आला की त्याची नजर आपोआप स्वतःच्या पंजांवर जाई. दर उन्हाळ्यात तो आणि शेजारचं साळिंदर, धोंडू, एकमेकांसाठी बोलत. कवडू धोंडूसाठी, धोंडू कवडूसाठी. दोघांनी कधी शब्द बुडवला नव्हता, आणि आपण काही मोठं करतो आहोत असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्या साली रायाजी सांबराचा जुना जामीन, म्हातारा गवा, थंडीत मेला होता. जामिनाचा शब्द त्याच्याबरोबर जातो, तो त्याच्या पोराबाळांवर पडत नाही, असा त्या मुलखाचा कायदा होता. त्यामुळे रायाजीला नवं तोंड शोधणं भाग होतं. त्याच्यासाठी बोलायला ससे तयार होते, चितळं तयार होती. रायाजी सगळ्यांचा लाडका होता. पण थोरलीने मान फिरवली. सांबराच्या दोन शिंगांना सशाचा शब्द पुरत नाही, म्हणाली. जामिनाच्या अंगावर तितकंच टणक काही हवं.

रायाजीने मान उंच करून जमावावरून नजर फिरवली आणि ती कवडूवर येऊन थांबली. "माझ्यासाठी कवडूदादा बोलेल," तो म्हणाला.

सगळा जमाव वळून कवडूकडे बघायला लागला. असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. रायाजीसारख्याने आपल्याला चारचौघांत दादा म्हणावं, याने त्याच्या छातीत काहीतरी फुलून आलं. गोजाने मागून त्याची शेपटी ओढली. ती हळूच म्हणाली की ज्याच्या घरी आपण कधी गेलो नाही, त्याच्यासाठी बोलू नये. कवडूने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आता मागे सरावं तर आपलं मन लहान ठरेल, असं त्याला वाटलं, आणि तो पुढे गेला.

"पहिलं धुकं पडेल तेव्हा डोक्यावरची दोन्ही शिंगं देशील?" थोरलीने रायाजीला विचारलं.

"देईन."

मग ती कवडूकडे वळली. "तो जे देईन म्हणाला, तेच तू आपल्या शब्दावर देशील?"

"तेच मी माझ्या शब्दावर देईन," कवडू म्हणाला, आणि टिटवीने त्याचं नाव रायाजीच्या नावाला जोडून आभाळात फेकलं. ते ऐकायला त्याला फार गोड वाटलं.

तो उन्हाळा कवडूच्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा गेला. वाटेत भेटणारे थांबून बोलत. रायाजी संध्याकाळी पाण्यावरून परतताना ऐनाखाली मुद्दाम उभा राही, तानूला पुढच्या खुराने हळूच गुदगुल्या करी, आणि दादा, तुझ्यामुळे मी वाचलो, असं म्हणे. पावसाळा आला, गवत वाढलं, आणि रायाजीच्या डोक्यावर नवी शिंगं उगवायला लागली. मुलखाने पूर्वी तशी पाहिली नव्हती. जाड, डौलदार, टोकांना हस्तिदंतासारखी पांढरी. शरदात त्याने झाडांच्या सालीवर घासून त्यांच्यावरची मखमल काढली आणि दिवसेंदिवस तो साचलेल्या पाण्यात स्वतःला न्याहाळत उभा राहायला लागला. माद्या त्याच्याभोवती गोळा होऊ लागल्या. थंडीत झुंजी लागतात, आणि झुंजींच्या आधी शिंगं देऊन टाकणारा सांबर त्या साली कळपाच्या कडेला उभा राहतो. हे रायाजीला उन्हाळ्यातही ठाऊक होतं. उन्हाळ्यात मात्र डोक्यावर शिंगं नव्हती, आणि समोर पाणी होतं.

कवडूने एकदा भीतभीत आठवण केली. रायाजीने त्याच्या पाठीवर नाक घासलं आणि म्हणाला, "शब्द तो शब्दच, दादा. मी काय परका आहे?"

पहिलं धुकं पडलं त्या सकाळी रायाजी मुलखात नव्हता. खिंड ओलांडून तो पलीकडच्या खोऱ्यात गेला होता, आणि पाठोपाठ दोन झुंजी मारून त्याने तिथला कळप घेतला होता. ही बातमी टिटवीने आणली, आणि त्याच सकाळी थोरलीने कवडूला बोलावणं धाडलं.

कवडू डोहावर गेला तेव्हा धुकं अजून पाण्यावर बसलेलं होतं. त्याने विनवणी केली की आधी रायाजीला शोधावं. तो पलीकडे जिवंत आहे, धडधाकट आहे, त्याच्या डोक्यावर शिंगं आहेत. त्याने नाही दिलं तरच आपल्याकडे यावं.

"तो डोंगरापलीकडे आहे," थोरली म्हणाली. "तू इथे आहेस."

"पण पाणी तर तो प्यायला."

"त्याने नाही दिलं तर देईन, असं तू म्हणाला नव्हतास. तेच देईन, म्हणाला होतास. मी तेव्हाही नीट ऐकलं होतं."

ती कठोर नव्हती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि बांधाला पाझर लागला होता हेही खरं होतं. तिने कवडूला काठावर पालथं निजायला सांगितलं आणि दातांच्या टोकांनी त्याच्या पाठीवरचे खवले काढायला सुरुवात केली. मानेपासून शेपटीपर्यंत. दोन शिंगांच्या भाराइतके. तिने घाई केली नाही आणि गरजेपेक्षा एकही जास्त काढला नाही. कवडूने माती तोंडात धरून ठेवली होती. काम संपल्यावर तिने त्याच्या उघड्या पाठीवर ओला चिखल लावला.

"मी एका पाण्याचं दोनदा घेत नाही," ती म्हणाली. "रायाजीवरचा माझा हक्क आता तुझा. पळस फुलेपर्यंत त्याला मुदत आहे. तोवर त्याने तुझं तुला दिलं तर बरं. नाही दिलं, तर जिथे सापडेल तिथे त्याला धर. तुला कुणी अडवणार नाही."

टिटवीने हे ओरडून मुलखाला सांगितलं. रायाजीच्या कानावर ते गेलंच असणार, कारण टिटवीचा आवाज खिंडीपलीकडे पोचतो. पण तिकडून काही आलं नाही. निरोपही नाही.

खवले गेलेल्या खवल्या मांजराला थंडी काय असते ते पहिल्यांदाच कळतं. कवडूला पाठीवर गवताची पातीसुद्धा सहन होईना. तो क्वचितच बिळाबाहेर पडू लागला. गोजाच वारुळं फोडून वाळवी आणी आणि त्याला चारी. मी सांगितलं होतं, एवढंही ती म्हणाली नाही, आणि ते न म्हणणंच कवडूला जास्त लागे.

मग एके दिवशी पहाटे, गोजा टेकडीवर गेलेली असताना, कवडू तानूला शेपटीवर घेऊन बिळाच्या तोंडाशी उन्हाची वाट बघत बसला होता. करवंदीच्या जाळीतून बिबट्या आला. खवल्या मांजराला अशा वेळी विचार करावा लागत नाही. पिल्लाला पोटाशी घ्यायचं, डोकं आत घालायचं, शेपटीने वेढायचं, आणि बंद व्हायचं. त्याच्या बापाने त्याला असंच वाचवलं होतं. बिबट्या थोडा वेळ पंजाने लोळवतो, दात लावून बघतो, कंटाळतो आणि निघून जातो. कवडू बंद झाला. पण बिबट्याने दात लावले तेव्हा ते आत गेले.

गोजा परतली तेव्हा कवडू जिवंत होता. त्याच्या पाठीला लांब चीर पडली होती आणि पोटाशी काही नव्हतं. ती बराच वेळ त्याच्याभोवती आणि आजूबाजूच्या गवतात हुंगत फिरली. मग समोर येऊन बसली.

"तुम्ही वेटोळं घातलं होतं ना?" तिने विचारलं.

"घातलं होतं."

ती उठून पुन्हा गवत हुंगायला गेली. पुढे कितीतरी दिवसांनी, चीर भरत आल्यावर, कवडू जेव्हा म्हणाला की पळस फुलला की मी जाऊन रायाजीकडून शिंगं आणतो, तेव्हा ती वळली.

"मला शिंगं नकोत," ती म्हणाली. "तो पाहिजे."

त्या रात्रीपासून कवडूला झोप नीट लागायला लागली. त्याच्या डोक्यात जे इतके दिवस नुसतं जळत होतं त्याला आता जायला वाट मिळाली. कायद्याने रायाजीला पळस फुलताच धरता आलं असतं. पण तेव्हा त्याच्या डोक्यावर शिंगं असतील. धरलेल्याने देणं तिथल्या तिथे पुढे केलं तर धरणाऱ्याला ते घ्यावंच लागतं आणि त्याला सोडावं लागतं. रायाजी शिंगं उतरवून देईल, दादा म्हणेल, आणि हसत कळपात परत जाईल. झुंजी तर कधीच होऊन गेलेल्या. शिंगं आता त्याला तशीही नकोच होती.

पळस फुलला. कवडूने तो फुलू दिला आणि झडू दिला. मग तो खिंड चढून पलीकडे गेला आणि एका जुन्या तरसाच्या गुहेत राहून रायाजीवर नजर ठेवू लागला. रायाजी सुखात होता. त्याचं अंग भरलं होतं, त्याच्या मागे माद्यांची रांग चाले, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाची तो आपुलकीने चौकशी करी. तो दुष्ट नव्हता, हे कवडूला तिथून स्पष्ट दिसत होतं. त्याला कवडूची आठवणच नव्हती. हे कळल्यावर कवडूच्या मनात उरलासुरला जो ओलावा होता तोही आटला.

उन्हं तापली आणि एका सकाळी रायाजीचं एक शिंग बाभळीत अडकून गळालं. दुसरं त्याच दिवशी संध्याकाळी पाणवठ्याजवळ पडलं. रायाजीने मागे वळूनही पाहिलं नाही. सांबराच्या दृष्टीने गळालेलं शिंग म्हणजे वाळकं लाकूड. पण बांधाच्या दृष्टीने ते शिंगच होतं, आणि कुणी उचलून डोहावर नेलं असतं तर रायाजीचं देणं फिटलं असतं. कवडूने दोन्ही शिंगं ओढत ओढत टेकडीमागे नेली. खणण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. लाल मातीत तो खोल, आणखी खोल उतरत गेला, जिथे वाळवीसुद्धा जात नाही तिथवर. शिंगं तळाला ठेवून त्याने माती लोटली, ती पायांनी बसवली आणि वर पाचोळा पसरला. देणाऱ्याचं देणं ज्याने घ्यायचं त्यानेच लपवलं, तर देणं उरत नाही, असाही त्या मुलखाचा कायदा होता. कवडूला तो माहीत होता. म्हणून तर त्याने इतकं खोल खणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कळपात शिरला. माद्या बाजूला झाल्या. बोडक्या पाठीचं असं जनावर त्यांनी पाहिलं नव्हतं. रायाजीने त्याला ओळखायला थोडा वेळ घेतला, आणि ओळखल्यावर त्याचा चेहरा खरोखरच उजळला.

"कवडूदादा? अरे, तू इकडे कुठे? ये, बस. पाठीला काय झालं?"

कवडूने पुढे होऊन त्याच्या उजव्या पायाला नखं रोवली आणि कायद्याचे शब्द उच्चारले. "याला मी धरला आहे."

त्या शब्दांनंतर धरलेल्याला तोंड उरत नाही. त्याला स्वतःसाठी काही बोलता येत नाही, बोललं तरी ते ऐकलं जात नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरीच बोलावं लागतं. रायाजीने पाय झटकला असता तर कवडू चेंडूसारखा उडाला असता. त्याने पाय उचललाही. पण भोवती कळप बघत होता, आणि कायद्याने धरलेला पाय झटकणाऱ्याच्या मागे कुठलाच कळप चालत नाही. रायाजीने पाय खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. आपल्यासाठी बोलणारे चिकार आहेत, याची त्याला खात्री होती. तो कवडूच्या चालीने, सावकाश, खिंड उतरला.

ते डोहावर पोचले तो सावली नाहीशी होण्याचाच दिवस होता. सगळा मुलूख जमला होता. नदी वाळूची झाली होती, पण गेल्या वर्षी बांध चांगला ठासला गेल्यामुळे डोह काठोकाठ भरला होता. रिवाजाप्रमाणे आधी तंटे, मग पाणी.

थोरलीने कवडूला त्याचं मागणं विचारलं. दोन शिंगं, कवडू म्हणाला. सगळ्यांनी रायाजीच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे मखमलीचे दोन मऊ कोंब होते. थोरली म्हणाली की गळालेली शिंगं सापडली तरी चालतील. चपळ चितळं खिंडीपलीकडे पळाली. बाभळीखाली पाहिलं, पाणवठ्यावर पाहिलं, आणि रिकाम्या तोंडाने परतली. गर्दीत कुजबुज सुरू झाली की हे साळिंदरांचं काम असणार. साळिंदरं गळालेली शिंगं कुरतडून खातात हे सर्वांना ठाऊक होतं. माना धोंडूकडे वळल्या. धोंडू गोंधळून गेला. तो म्हणाला की मी या साली खिंड ओलांडलीच नाही. मग त्याने आधारासाठी कवडूकडे पाहिलं.

कवडू स्वतःच्या पंजांकडे बघत होता. त्याच्या नखांत लाल माती होती. त्याने ती वाळूत घासली.

धोंडूने ते पाहिलं. रायाजीनेही पाहिलं. रायाजीचे डोळे नखांवरून कवडूच्या चेहऱ्यावर आले आणि त्याला सगळं कळलं. त्याने तोंड उघडलं. पण धरलेल्याला तोंड नसतं, आणि थोरलीने त्याच्याकडे मानसुद्धा वळवली नाही. त्याची ती धडपड पाहताना कवडूला पाठीची आग पहिल्यांदाच जाणवेनाशी झाली. धुक्यातल्या त्या सकाळपासून त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"याच्यासाठी कोण बोलतं?" थोरलीने विचारलं. टिटवीने तोच प्रश्न आभाळात नेला.

रायाजीने ज्यांची विचारपूस केली नव्हती असा तिथे कुणी नव्हता. सशांनी मागच्या साली हौसेने बोलायची तयारी दाखवली होती. रानडुकरं त्याच्याबरोबर एका चिखलात लोळली होती. त्याने एकेकाकडे पाहिलं. पण प्रत्येकाच्या आणि त्याच्या मधे कवडू उभा होता. उन्हात त्याची उघडी पाठ, ती भरलेली चीर, सगळं दिसत होतं; आणि त्याच्या शेजारी गोजा, जिच्या शेपटीवर कुणी नव्हतं. सशांनी कान पाडले. डुकरांनी वाळू हुंगायला घेतली. टिटवी पुन्हा पुन्हा ओरडली, आणि मग तिचाही घसा बसला.

"तो तुझा," थोरली कवडूला म्हणाली. "काय करायचं?"

कवडूऐवजी गोजा बोलली. तिने सांगितलं की त्याला मारायचं नाही. डोहाच्या समोर, पलीकडच्या वाळूत उभं करायचं, पाणी दिसेल असं. आणि पाणी द्यायचं नाही. पडेल तेव्हा पडेल.

कवडूने मान हलवली. इतका वेळ त्याला वाटत होतं की गोजा रडेल. ती रडली नाही. तिने एकदा त्याच्या पाठीला नाक लावलं, कितीतरी महिन्यांनी.

रायाजीला पलीकडे नेऊन उभं केलं, आणि मग पाण्याचं काम सुरू झालं. आधी एक नीलगाय आपलं वासरू घेऊन पुढे आली. थोरलीने रीतीप्रमाणे विचारलं, नीलगाय देईन म्हणाली. मग थोरली जमावाकडे वळली. "हिच्यासाठी कोण बोलतं?"

दरवर्षी अशा वेळी पुढे येणाऱ्यांची रेटारेटी होई. या वेळी कुणी हललं नाही. वासराने पाण्याकडे मान लांबवली, थोरलीने नुसता जबडा किंचित उघडला, आणि आईने त्याला मागे ओढून घेतलं. मग ससे आले. त्यांना द्यायचे होते ते फक्त दगड. त्यांच्यासाठीही कुणी बोललं नाही. भाऊ भाऊ असलेली दोन डुकरं शेजारी शेजारी उभी होती, आणि ती एकमेकांकडे न बघता समोर बघत होती. एकेक जण पुढे येई, देईन म्हणे, थोडा वेळ थांबे आणि परत जागेवर जाई. सगळ्यांची नजर फिरून फिरून पलीकडच्या वाळूकडे जात होती, आणि तिथून कवडूकडे.

कवडूला हे सारं आधी दुरून चालल्यासारखं वाटलं. मग गोजाने त्याला कोपराने ढोसलं. तिच्या पोटात पुन्हा जीव होता, आणि खिंडीच्या वाटेवर त्याची वाट पाहताना तिने दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नव्हतं. कवडू पुढे गेला. थोरलीने विचारलं, तो देईन म्हणाला. आवाज कोरडा आला.

"याच्यासाठी कोण बोलतं?"

कवडूने धोंडूकडे पाहिलं. तो जवळच होता. इतक्या उन्हाळ्यांत धोंडूने प्रश्न पुरा होऊ दिला नव्हता, आधीच पुढे येऊन उभा राहायचा. आता तो कवडूच्या नखांकडे बघत होता.

"मला या साली तहान नाही," धोंडू हळूच म्हणाला, आणि मागे सरून गर्दीत मिसळला.

उन्हं कलायला लागली. सावल्या पुन्हा पायाखालून बाहेर आल्या. कुणी घरी गेलं नाही आणि कुणी पुढे आलं नाही. काठावर सगळा मुलूख दाटीने उभा होता, आणि वारा पडला होता. डोहाच्या भरल्या पाण्यात सगळ्यांची तोंडं उलटी उमटली होती. नीलगायीचं, सशांचं, डुकरांचं, धोंडूचं, गोजाचं आणि कवडूचं, आणि पलीकडच्या काठाने रायाजीचं. सगळी मिटलेली. थोरलीने आणखी एकदा विचारलं. तिच्या श्वासाने पाण्यावर बारीक तरंग उठला, आणि ती सगळी तोंडं एकदम हलली, जणू काही बोलणारच होती. मग पाणी पुन्हा स्थिर झालं.